अमेरिकेतून युरोपातल्या घरी भेट काय न्यावी?

म्युनिक किंवा ॲमस्टरडॅमच्या साध्या सुपरमार्केटात आज पीनट बटर मिळतं, टबॅस्को मिळतो, कॅनडाचं मेपल सिरप मिळतं, ओरिओ तर गल्लीतल्या दुकानातही असतात. दहा वर्षांपूर्वी डब्लिनच्या बहिणीला कौतुकानं नेलेली वस्तू आता तिच्या घराखालीच मिळते, आणि पाहुणा ती साडेआठ तास विमानातून वाहून आणतो. दुसरीकडे, जी वस्तू तिथं खरोखरच मिळत नाही, ती कधी कस्टम्सला चालत नाही, कधी तिथल्या विजेवर चालत नाही, कधी तिथल्या गादीला बसत नाही. म्हणून खरेदीची सुरुवात दुकानातून करू नये, ज्याला द्यायचं त्याच्या घरातून करावी.

प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा. तिथं ती मिळते का? तिथं ती चालेल का, म्हणजे कायद्यानं, विजेनं, मापानं? आणि ती अमेरिकेतल्या नेमक्या कोणत्या गावची, कोणत्या राज्याची आहे, हे तुम्हाला सांगता येईल का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘अमेरिकन’ नावाची वस्तू कुणाला फारशी लागत नाही. व्हर्माँटमध्ये राहणाऱ्यानं व्हर्माँटचं न्यावं, मिनेसोटात राहणाऱ्यानं मिनेसोटाचं. टेक्ससमध्ये राहून विमानतळावरून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा उचलण्यात काही अर्थ नाही.

आधी माणसांची यादी, मग वजन

निघण्याच्या पाच-सहा आठवडे आधी कागदावर नावं लिहा: कुणाच्या घरी मुक्काम आहे, कुणाकडे एकदाच जेवायला जायचंय, घरात लहान मुलं किती. मुक्काम असेल तिथं एक मोठी, वापरात राहील अशी वस्तू आणि सोबत खाऊ. एका जेवणाला छोटीशी खायची वस्तू पुरते. नावासमोर चार गोष्टी टिपा: घरात कुणी स्वयंपाकाचं हौशी आहे का, मद्य चालतं का, शाकाहारी किंवा कसली ॲलर्जी आहे का, आणि घर केवढं आहे. युरोपातल्या शहरांत स्वयंपाकघरं लहान असतात. ओट्यावर जागा अडवणारी भेट द्यायच्या आधी फोनवर सहज विचारून घ्यावं.

मग वजन. अटलांटिकपार इकॉनॉमीत चेक-इन बॅगेची नेहमीची मर्यादा २३ किलो, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटीमीटर. सर्वांत स्वस्त भाड्यात बरेचदा चेक-इन बॅग नसतेच, आणि मग सिरप, सॉस, बाटली हे सगळं बाद होतं. भेटवस्तूंसाठी ७ ते ८ किलो बाजूला ठेवले तर चार-पाच घरांचं नीट भागतं.

कस्टम्सची मर्यादा

युरोपीय संघात विमानानं येणाऱ्या प्रवाशाला माणशी ४३० युरोपर्यंतच्या वस्तू करमुक्त नेता येतात. भेटवस्तूही त्यातच मोजल्या जातात. ‘गिफ्ट आहे’ म्हटल्यानं वेगळी सूट मिळत नाही. काही देशांत १५ वर्षांखालच्या मुलांसाठी ही मर्यादा कमी आहे. सगळ्यांत जास्त गफलत होते ती इथं: एकच वस्तू दोघांत वाटता येत नाही. नवरा-बायकोची मिळून मर्यादा ८६० युरो, म्हणून ५०० युरोचं ब्लँकेट आरामात बसेल असं वाटतं. तसं नाही. त्या ब्लँकेटच्या पूर्ण ५०० युरोंवर कर लागतो, वरच्या ७० युरोंवर नव्हे.

ब्रिटन आणि स्वित्झर्लंड या हिशेबात नाहीत. ब्रिटनची मर्यादा ३९० पाउंड आहे. स्वित्झर्लंडनं १ जानेवारी २०२५ पासून ती माणशी ३०० फ्रँकवरून १५० वर आणली, त्यामुळे झुरिकला जाणाऱ्यानं जुन्या माहितीवर विसंबून बॅग भरू नये.

मद्याचा हिशेब या रकमेत धरत नाहीत, तो वेगळा. युरोपीय संघात १७ वर्षांवरच्या प्रवाशाला २२ टक्क्यांहून तीव्र मद्य १ लीटर, किंवा त्याखालचं २ लीटर नेता येतं. त्याखेरीज साधी वाइन ४ लीटर आणि बिअर १६ लीटर. अमेरिकन बाटली बहुधा ७५० मिलिलीटरची असते. दोन बाटल्या म्हणजे दीड लीटर, मर्यादेबाहेर. मोठ्या माणसामागे एकच बाटली धरा.

पावत्या डॉलरमध्ये असल्या तरी जपून ठेवा आणि केबिन बॅगेत ठेवा. किमतीचा पुरावा तोच. अमेरिकेत फळीवर लावलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, पावतीत असतो, म्हणून हिशेब पावतीवरून करा. मर्यादेपुढे गेलात तर लाल रांगेतून जाऊन स्वतः सांगावं. जर्मनीत एकूण किंमत ७०० युरोपर्यंत असेल तर सरसकट १७.५ टक्के आकारून मोकळं करतात. न सांगता हिरव्या रांगेत सापडलं तर करावर दंडही बसतो.

फ्रँकफर्टला उतरून पुढे व्हिएन्नाला जायचं असेल, तर केबिन बॅगेची तपासणी पहिल्या युरोपीय विमानतळावर आणि चेक-इन बॅगेची शेवटच्या विमानतळावर होते. फ्रँकफर्टला कुणी अडवलं नाही म्हणजे सुटलो, असं समजू नये.

खाण्याच्या वस्तू: काय अडतं

अमेरिकेतून युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. बीफ जर्की, सलामी, व्हिस्कॉन्सिनचं चेडर, सगळं तिथंच काढून घेतात. वजन किती, पाकीट बंद आहे का, याला महत्त्व नाही. कारण लाळ्या-खुरकूत आणि डुकरांच्या साथीच्या रोगांची भीती. अर्भकांचं दूध-पावडर आणि औषध म्हणून लागणारा आहार यांना २ किलोपर्यंत सूट आहे.

मराठी घरांत हा नियम फार वेळा नकळत मोडला जातो. कॉस्टकोच्या लोण्याचं घरी कढवलेलं साजूक तूप, खव्याचे पेढे, बर्फी: हे सगळं दुधाचंच. भावाकडे नेताना मन लावून बांधलेला तुपाचा डबा विमानतळावर कचऱ्यात जातो, ते बघवत नाही. चिवडा, चकली, शंकरपाळी यांच्या वाट्याला सहसा कुणी जात नाही.

ताज्या फळा-भाज्यांना, पानांना आणि पेरायच्या बियांना डिसेंबर २०१९ पासून वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, डुरियन, केळी आणि खजूर एवढ्या पाचच फळांना त्यातून सूट आहे. म्हणजे अंगणातला कढीपत्ता नाही, मिरचीचं बी नाही, रानफुलांच्या बियांचं सुंदर पाकीटही नाही.

चॉकलेट, बिस्किटं, केक, गोळ्या मात्र नेता येतात. मध माणशी २ किलोपर्यंत चालतो. चीझ-पावडरचं मॅकरोनी, ताकाच्या पावडरीचं पॅनकेक पीठ अशा अधल्या-मधल्या वस्तूंवर आम्ही वजन खर्च करणार नाही. अधिकाऱ्यासमोर उभं राहून घटक वाचून दाखवायची वेळ कशाला आणायची.

खरंच न्याव्यात अशा खायच्या गोष्टी

आमच्या मते या यादीत पहिला मान वाइल्ड राइसचा. हा खरं तर तांदूळ नव्हे, उत्तर अमेरिकेच्या सरोवरांत उगवणाऱ्या एका पाणगवताचं लांब, काळपट बी. ओजिब्वे हे तिथले मूळनिवासी लोक त्याला ‘मनोमिन’ म्हणतात, आणि डोंगीतून काठ्यांनी झोडपून त्याची कापणी करतात. मिनेसोटानं १९७७ साली तो राज्याचं धान्य म्हणून जाहीर केला. हलका, कोरडा, न फुटणारा, न सांडणारा, शाकाहारी, आणि त्यामागे सांगायला एक अख्खी संस्कृती आहे.

विकत घेताना चूक होते ती इथं: दुकानातला बराचसा वाइल्ड राइस शेतात लावलेला असतो. मिनेसोटात तशा मालावर ‘पॅडी ग्रोन’ असं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. तुम्हाला हवा तो सरोवरातला, हातानं काढलेला. पाकिटावर तसं आणि शक्यतो कापणी करणाऱ्या समाजाचं नाव लिहिलेलं. रंगावरूनही ओळखता येतो. शेतातला एकसारखा काळा कुळकुळीत आणि चकचकीत, सरोवरातला तपकिरी-करडा, कमी-जास्त छटांचा. शिजायला शेतातल्याला ४५ ते ६० मिनिटं लागतात, सरोवरातल्याला साधारण २० ते २५. एक वाटीला तीन वाट्या पाणी, दाणे फुटून वळू लागले की उरलेलं पाणी काढून टाकायचं. हे चिठ्ठीवर लिहून पाकिटासोबत द्या. नाही तर पाहुणचार करणारी माणसं तो बासमतीसारखा शिजवतील आणि कच्चाच राहिला म्हणून बाजूला ठेवतील. ४५४ ग्रॅमचं, म्हणजे एक पाउंडाचं पाकीट चार माणसांच्या घराला दोन-तीनदा पुरतं.

मेपल सिरप न्यायचं तर विचार करून. युरोपात कॅनडाचं सर्रास मिळतं, म्हणून नुसतं ‘मेपल सिरप’ म्हणून नेऊ नका. व्हर्माँट, न्यूयॉर्क किंवा मेनमधल्या एका विशिष्ट शेतावरचं घ्या, ज्याच्या बाटलीवर त्या शेताचं नाव आहे. २०१५ पासून अमेरिकेत दुकानी सिरपचे चार रंग ठरलेले आहेत: गोल्डन, अंबर, डार्क आणि व्हेरी डार्क. हंगामाच्या सुरुवातीचा रस फिका आणि नाजूक, शेवटचा गडद आणि दाट चवीचा. गडद म्हणजे हलका दर्जा हा गैरसमज आहे. भेटीला ‘डार्क’ उत्तम. चव ठळक असते आणि दह्यावर, भाजलेल्या भोपळ्यावर तग धरते. सुमारे ४० गॅलन रस आटवल्यावर १ गॅलन सिरप होतं, एवढं सांगितलं की ऐकणारा बाटलीकडे वेगळ्या नजरेनं बघतो. २३६ मिलिलीटरची बाटली पुरे. काचेची दिसायला छान, पण वजन जवळपास दुप्पट. यजमानांना सांगा की उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर राहिलं तर बुरशी धरते.

पेकान हा उत्तर अमेरिकेचाच मेवा. जॉर्जिया, टेक्सस, न्यू मेक्सिकोत भरपूर पिकतो. युरोपात मिळतो, पण महाग आणि बरेचदा जुना. पीक शरद ऋतूत येतं, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरचा प्रवास असेल तर थेट बागेतून नव्या हंगामाचे मागवा. त्यात तेल फार असल्यानं उन्हाळ्यात गरम गाडीत दोन दिवस राहिले तरी खवट वास येतो. सोललेले, भाजलेले, हवाबंद पाकिटातले घ्या आणि निघेपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा.

मसाल्यांत बॉल्टिमोरचा ‘ओल्ड बे’ पिवळ्या-निळ्या डब्यात येतो, कोळंबी-खेकड्यावर, उकडलेल्या बटाट्यावर आणि मक्याच्या कणसावर उत्तम. समुद्रकाठच्या पोर्तुगीज किंवा डच घराला तो नेमका आवडतो. न्यू मेक्सिकोची वाळवलेली लाल मिरची, विशेषतः चिमायो गावची, बेडगीसारखी रंगाला गडद आणि तिखटाला बेतशीर. ‘एव्हरीथिंग बेगल’ मसाला लोकप्रिय आहे, मात्र त्यात खसखस असते. युरोप करून पुढे दुबईमार्गे मुंबईला जायचं असेल तर उरलेली बाटली युरोपातच सोडा, संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणं बेकायदा आहे.

थँक्सगिव्हिंगच्या सुमारास जाणार असाल आणि तिथं कुणी अमेरिकेत राहून परत गेलेलं असेल, तर डब्यातला भोपळ्याचा गर आणि ग्रॅहम बिस्किटं न्या. डबा ४२५ ग्रॅमचा, जड आहे, पण ज्याला पंपकिन पाय करायचा आहे त्याला दुसरं काही नको असतं.

चॉकलेट? ब्रुसेल्स किंवा झुरिकला नेऊ नका. नेहमीच्या अमेरिकन दुधी चॉकलेटला एक आंबूस झाक असते; ती चव लहानपणापासून जिभेवर नसेल तर आवडत नाही. अपवाद म्हणजे बीन-टू-बार, म्हणजे कोकोच्या बियांपासून वडीपर्यंत सगळं स्वतःच करणारे कारखाने. मॅसॅच्युसेट्सच्या सॉमरव्हिलमधलं ‘टाझा’ दगडी जात्यावर दळलेलं, खरखरीत, मेक्सिकन धाटणीचं चॉकलेट करतं. तसलं युरोपात सहसा चाखायला मिळत नाही, म्हणून ते बेल्जियमलाही न्यायला हरकत नाही. मुलांसाठी झगझगीत रंगाच्या गोळ्या घेताना एक लक्षात असू द्या: रेड-४० सारखे काही रंग असलेल्या पाकिटावर युरोपात मुलांच्या एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो असा इशारा छापावा लागतो, त्यामुळे तिथले आईवडील अशा गोळ्या हाती घेताना कचरतात.

कॉफी नेत असाल तर हवाईची कोना, आणि पाकिटावर ‘१०० टक्के कोना’ लिहिलं आहे ना ते पाहा. ‘कोना ब्लेंड’मध्ये कोना फक्त १० टक्के असू शकते.

बर्बन

मद्य चालणाऱ्या घरी बर्बन ही मानाची भेट. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसनं ती देशाची खास वस्तू म्हणून मान्य केली. धान्यात किमान ५१ टक्के मका, आणि आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपात मुरवण हे नियम आहेत. मोठ्या कंपन्यांच्या बाटल्या बर्लिनमध्ये जवळपास अमेरिकेच्याच किमतीला मिळतात. म्हणून निर्यात न करणाऱ्या छोट्या भट्टीची, शक्यतो तुमच्याच राज्यातली घ्या. फारसं कळत नसेल तर लेबलवर ‘बॉटल्ड इन बाँड’ शोधा: १८९७ च्या कायद्यानुसार ती एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, किमान ४ वर्षं मुरलेली आणि नेमकी ५० टक्के तीव्रतेची असते.

विमानाचा नियम वेगळा आहे. २४ ते ७० टक्के तीव्रतेचं मद्य चेक-इन बॅगेत माणशी ५ लीटरपर्यंत, तेही सील न फोडलेल्या बाटलीत. ७० टक्क्यांपुढचं अजिबात नाही. विमान ५ लीटर नेऊ देतं म्हणून युरोप ५ लीटर घेईल असं नाही.

स्वयंपाकघर आणि घर

बेकिंगची आवड असलेल्या युरोपीय घरात सर्वांत जास्त वापरली जाणारी भेट कोणती, तर स्टीलचे अमेरिकन मापाचे कप आणि चमचे. इंटरनेटवरच्या अर्ध्या पाककृती कपांत असतात आणि युरोपात सगळं ग्रॅममध्ये. अमेरिकन कप २३७ मिलिलीटरचा, टेबलस्पून १५ चा, टीस्पून ५ चा. सोबत एका कार्डावर लिहून द्या: १ कप मैदा १२० ग्रॅम, १ कप साखर २०० ग्रॅम, लोण्याची १ कांडी ११३ ग्रॅम, ३५० फॅरनहाइट म्हणजे १७५ सेल्सिअस. एवढ्या कार्डानं दोनशे ग्रॅमची भेट मोलाची होते.

बंड्ट पॅन, म्हणजे मधे भोक असलेलं केकचं भांडं, हे त्याच्या पुढचं पाऊल. मिनियापोलिसच्या नॉर्डिक वेअर कंपनीनं ते १९५० मध्ये, तिथल्या ज्यू महिलांच्या विनंतीवरून, मध्य युरोपातल्या ‘गुगलहुप्फ’ केकच्या भांड्यावरून बेतलं. जर्मन किंवा ऑस्ट्रियन घरी ते दिलं तर त्यांचीच वस्तू समुद्र ओलांडून वेगळं रूप घेऊन परत येते. १० ते १२ कपांचा आकार घ्या; युरोपीय ओव्हनमध्ये सहज बसतो.

टेनेसीच्या साउथ पिट्सबर्गमधल्या लॉज कंपनीचा ओतीव लोखंडी तवा इंडक्शनवरही चालतो, गॅसवरही. मात्र २६ सेंटीमीटरचा तवा सुमारे अडीच किलोचा. एकाच घरी, आणि चेक-इन बॅगेतच. अमेरिकन सुरक्षा तपासणीत ओतीव लोखंडाचं भांडं केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.

चादरी नेऊ नका. अमेरिकन क्वीन गादी १५२ बाय २०३ सेंटीमीटर, युरोपात १४० किंवा १६० बाय २००. चादर एक तर ताणली जाते किंवा गोळा होते. उशीच्या खोळींचंही तेच: अमेरिकन उशी ५१ बाय ६६, जर्मन उशी ८० बाय ८०, फ्रेंच ६५ बाय ६५. अंगावर घ्यायची क्विल्ट किंवा लोकरी ब्लँकेट मात्र कुठल्याही सोफ्यावर शोभतं. ओरेगनच्या पेंडलटनची ब्लँकेटं प्रसिद्ध आहेत, पण महाग. वर सांगितलेली ४३० युरोची मर्यादा आधी तपासा. त्यांवरची नक्षी मूळनिवासी परंपरेतून आलेली, कंपनी मात्र मूळनिवासींची नाही. मूळनिवासी कारागिरांचंच घ्यायचं असेल तर सिएटलच्या ‘एट्थ जनरेशन’सारखी, स्नोक्वाल्मी जमातीच्या मालकीची कंपनी पाहा.

मूळनिवासी दागिने किंवा मडकी घेताना कारागिराचं नाव आणि जमात विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. १९९० च्या कायद्यानं खोटा माल ‘इंडियन बनावटीचा’ म्हणून विकणं गुन्हा ठरवलं आहे, त्यामुळे खरा विक्रेता आनंदानं लिहून देतो. गरुडाचं किंवा रानपाखराचं पीस लावलेली वस्तू घेऊ नका, मग ती कितीही देखणी असो. मगरीच्या कातड्याचं पाकीटही सोडा.

भिंतीवर लावायला राष्ट्रीय उद्यानांची पोस्टरं सुंदर. १९३८ ते १९४१ दरम्यान सरकारी कला-योजनेत अशी १४ पोस्टरं झाली, त्या धर्तीवरची आज सगळीकडे मिळतात. अडचण चौकटीची. १८ बाय २४ इंच म्हणजे ४६ बाय ६१ सेंटीमीटर, आणि युरोपातली नेहमीची चौकट ५० बाय ७०. मधे जाड कागदाची कड, म्हणजे माउंट लागतो, तो तिथंच कापून घ्यावा. २४ बाय ३६ इंचाला ६१ बाय ९१ ची चौकट तिथं तयार मिळते.

तिथं चालत नाहीत अशा वस्तू

अमेरिकेत वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. युरोपात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. वस्तूच्या खालचा शिक्का वाचा. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. नुसतं ‘१२० व्होल्ट’ असेल तर ती वस्तू न्यायचीच नाही: मिक्सर, हेअर ड्रायर, वॅफल मेकर, इन्स्टंट पॉट. दुप्पट व्होल्टवर तापणारी वस्तू जवळपास पावणेचार पट वीज ओढते आणि पहिल्याच वापरात जळते. विजेच्या वारंवारतेवर चालणारं जुन्या पद्धतीचं घड्याळ ट्रान्सफॉर्मर लावूनही दर तासाला १० मिनिटं मागे पडतं.

मुलांचे वॉकी-टॉकी आणि बाळावर लक्ष ठेवायचे काही मॉनिटर ज्या रेडिओ लहरींवर चालतात, त्या युरोपात वेगळ्या कामांसाठी राखलेल्या आहेत. वापरणं बेकायदा ठरतं. आयफोन १४ पासून अमेरिकन आयफोनला सिमकार्डची खाच नाही, फक्त ई-सिम चालतं, आणि युरोपातल्या काही स्वस्त कंपन्या ते देत नाहीत. अमेरिकन दुकानांची गिफ्ट कार्डं तिथं वापरता येत नाहीत. डीव्हीडीचा प्रादेशिक कोड वेगळा, ती तिथल्या प्लेअरवर सहसा चालत नाही. तीन भोकांची वही-फाइल त्यांच्या दोन-चार भोकांच्या फायलींत जात नाही.

आणि बाळाची कार सीट. नातेवाइकांकडे जुनी सुस्थितीतली सीट नेण्याचा विचार प्रेमाचा आहे, पण युरोपात संयुक्त राष्ट्रांच्या आर-४४ किंवा आर-१२९ मान्यतेचा शिक्का नसलेली सीट वापरता येत नाही. अमेरिकन सीटवर तो नसतो.

मेलाटोनिन, वेदनाशामक गोळ्यांच्या मोठ्या बाटल्या ‘इथं स्वस्त मिळतात’ म्हणून मागवल्या जातात. ब्रिटनमध्ये मेलाटोनिन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. दुसऱ्यासाठी औषधं नेणं टाळा.

कपडे

मापं जुळवताना देश विचारा. अमेरिकन ८ नंबरचा स्त्रियांचा पोशाख ब्रिटनमध्ये १२, जर्मनीत ३८, फ्रान्समध्ये ४० आणि इटलीत ४४. पुरुषांचा अमेरिकन ९ नंबरचा बूट साधारण युरोपीय ४२. स्वेटशर्टमध्ये अमेरिकन एम जवळपास युरोपीय एल इतका ढगळ असतो. तान्ह्यांचे कपडे युरोपात बाळाच्या उंचीवर, सेंटीमीटरमध्ये असतात. ‘६ ते ९ महिने’ म्हणजे साधारण ६८–७४. एक माप मोठंच घ्या.

तुमच्या किंवा मुलांच्या विद्यापीठाचा स्वेटशर्ट ही हमखास आवडणारी भेट. व्हर्माँटच्या नॉर्थफील्डमध्ये विणलेले डार्न टफ लोकरी मोजे हलके असतात, थंडीत रोज वापरले जातात आणि आयुष्यभराच्या हमीसह येतात. आल्प्सजवळच्या माणसाला याहून चांगलं काय द्यायचं.

मुलांसाठी नाणी

बँकेत १० डॉलर दिले की ४० क्वार्टरची, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्यांची गुंडाळी मिळते, वजन २२७ ग्रॅम. १९९९ ते २००८ दरम्यान पन्नास राज्यांची, २०१० ते २०२१ राष्ट्रीय उद्यानांची आणि ऐतिहासिक स्थळांची, २०२२ ते २०२५ नामवंत स्त्रियांची चित्रं क्वार्टरवर आली. निघण्याआधी महिनाभर सुट्टे वेगळे करत गेलं तर वीसेक वेगवेगळी नाणी जमतात. अमेरिकेचा नकाशा आणि नाणी दिली की आठ-दहा वर्षांचं मूल तासभर जमिनीवर बसून कोणतं नाणं कुठलं ते शोधत राहतं. दोन डॉलरची नोटही बँकेत मागितली तर दर्शनी किमतीला मिळते; पुढे जेफरसन, मागे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं चित्र.

मराठी घरी जाताना

युरोपातल्या मराठी घरांची मागणी ठरलेली आणि रास्त असते: कॅलिफोर्नियाचे बदाम-पिस्ते आणि झिपलॉकच्या गॅलन मापाच्या जाड फ्रीझर पिशव्या. पुरण, खोवलेलं खोबरं, सोललेले मटार साठवायला तशा पिशव्या तिथं सहज मिळत नाहीत. त्या खोक्यातून काढून सपाट करून बॅगेच्या तळाशी घातल्या तर जागाच लागत नाही. बदाम सोललेलेच घ्या. पण तिथंही एक वस्तू तुमच्या गावची असू द्या. नाही तर भेट म्हणजे कॉस्टकोची यादी होऊन बसते.

भरणं आणि देणं

कागदात गुंडाळून नेऊ नका. तपासणीत उघडावं लागलं तर फाडतात. सपाट गिफ्ट पिशव्या आणि पातळ कागद वेगळे न्या, पोहोचल्यावर बांधा. किमतीच्या चिठ्ठ्या तिथं काढा, इथं नव्हे. कस्टम्समध्ये त्या उपयोगी पडतात. सिरप, मध, पीनट बटर सगळं ‘द्रव’ धरलं जातं, १०० मिलिलीटरपुढे केबिनमध्ये नेता येत नाही. बाटलीचं झाकण घट्ट करून त्यावर चिकटपट्टी, मग झिपलॉक, मग लोकरी मोजा, आणि बॅगेच्या मधोमध, चारही बाजूंना कपडे. कडेला ठेवलेली बाटली फुटते. ३५० मिलिलीटरहून जास्त कॉफी किंवा मसाल्याची पूड केबिनमध्ये असेल तर वेगळी तपासतात. पॉवर बँक मात्र उलट, केबिनमध्येच.

जर्मनीत वाढदिवसाची भेट आणि शुभेच्छा आधी देत नाहीत, अपशकुन मानतात. दोन दिवस आधी निघणार असाल तर भेट घरातल्या दुसऱ्या कुणाकडे ठेवा. सुरी दिली तर नातं तुटतं अशी समजूत अनेक देशांत आहे. घेणारा बदल्यात एक नाणं देतो आणि व्यवहार ‘खरेदी’ होतो. वाटेत फुलं घ्यायची असतील तर फ्रान्स, बेल्जियम, इटलीत शेवंती नको, ती स्मशानाची. पाहुण्यासमोर भेट उघडण्याची तिथं बहुतेक घरांत रीत आहे, तेव्हा उघडताना गावाचं नाव आणि वापरायची पद्धत दोन वाक्यांत सांगा.

बॅगेत न मावलेलं पोस्टानं पाठवायचं तर युरोपीय संघात एका माणसानं दुसऱ्याला पाठवलेली ४५ युरोपर्यंतची भेट करमुक्त, ब्रिटनमध्ये ३९ पाउंडांपर्यंत. कस्टम्सच्या अर्जावर ‘भेटवस्तू’ एवढंच न लिहिता प्रत्येक वस्तू, तिचं वजन आणि किंमत वेगळी लिहा. अमेरिकन पोस्टानं मद्य पाठवता येत नाही. मांस आणि दुधाचा नियम पार्सललाही लागू आहे.